झाडीतल्या नाल्यावर फ्लाय सारखी फांदीत जाते? आधी बाहेरची लाइन मोजा

तक्रार दर वर्षी तीच. चतुर्थी आटोपली की फोंड्याचा, डिचोलीचा नाहीतर म्हापशाचा कोणीतरी फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली किड्याने, ट्राउट गरवायला हिमाचल गाठतो, तीर्थन नदीच्या मुख्य पात्रावर आधीच चारजण उभे दिसतात म्हणून बाजूच्या एखाद्या नाल्यात शिरतो आणि संध्याकाळी फोटो पाठवतो. फोटोत मासा नसतो. डोक्यावरच्या फांदीत गुरफटलेला लीडर, म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी, असतो आणि खाली प्रश्न असतो, "दादा, मनगटाचं काय चुकतंय?"

मनगटाचं बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. रॉडच्या टोकाबाहेर काढलेली लाइन गरजेपेक्षा जास्त असते, आणि माणूस जिथे उभा असतो तिथून ती फेक जायला वाटच नसते. एवढं सुधारलं नाही तर कितीही महागडा रॉड घ्या, तो फांद्याच पकडून देणार.

आपल्याकडच्या माणसाला हे जड का जातं? आपला हात मांडवी-झुवारीवर तयार झालेला. चोणक, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, त्याच्या मागे लागलेला माणूस जेटीवर, खाजनाच्या बांधावर किंवा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या, तोंडाशी उभा राहून जड लुअर, म्हणजे नकली आमिष, अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी भिरकावतो. मागे मोकळं आकाश, पुढे मोकळी नदी. तिथे वजन लुअरमध्ये असतं आणि दोरी त्याच्या मागून ओढली जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. जाड लाइनचं वजन रॉडला वाकवतं आणि फ्लाय त्या लाइनच्या मागून जाते. म्हणून नेहमीच्या फेकीत लाइन आधी मागे पूर्ण उलगडावी लागते, आणि नाल्यावर मागे असतं जंगल. खाडीवर जो लांब फेकतो त्याला मासा मिळतो, ही सवय तिथे अंगाशी येते. नाल्यातला ट्राउट चार-पाच मीटरवर असतो. पाच मीटरवरच्या माशासाठी दहा मीटर लाइन काढलीत तर उरलेली पाच मीटर झाडांसाठीच काढली असं समजा.

थोडं या माशाबद्दल, कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. काश्मीरला पाठवलेल्या अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली; १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी जगली. कुलूच्या खोऱ्यात तो १९०९ मध्ये आणला गेला, हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने. नाल्यांमधून आज जे मासे सापडतात त्यांच्या कित्येक पिढ्या तिथेच वाढल्या, म्हणून त्यांना रानटी म्हणायचं. पाणी साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस असलं की तो भरपूर खातो; २० च्या आसपास गेलं की खाणं कमी करतो, आणखी तापलं तर जगणंच कठीण. आपल्या सत्तरी-सांग्यातले व्हाळ कितीही गर्द सावलीत असले तरी त्याच्या कामाचे नाहीत. मुन्नार आणि निलगिरी जवळ पडतात म्हणून कोणी तिकडे निघत असेल तर लक्षात ठेवा, तिथला मासा मुख्यतः रेनबो ट्राउट आहे.

नाल्यातला ब्राउन वीत-दीड वीतभर निघतो. मोठ्या माशाचा हव्यास असेल तर मुख्य नदीवरच थांबा, इथे झाडं अंगावर घेण्यात अर्थ नाही.

फ्लाय नक्की कधी अडकली?

सोडवायच्या घाईत कोणी हे बघत नाही, आणि सगळं निदान इथेच आहे. अडकलेली फ्लाय कुठल्या फांदीत आहे ते आधी बघा. तुमच्या पाठीमागच्या फांदीत असेल तर दोष मागच्या फेकीचा. समोर, माशाच्या अलीकडच्या किंवा वरच्या फांदीत असेल तर फेक उंचावरून गेली. आणि थेट डोक्यावर किंवा खांद्याच्या मागे उंच असेल तर ती फेकीत अडकलेलीच नाही. मासा हुकला तेव्हा तुम्ही जो झटका दिलात त्याने ती वर गेली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तिसऱ्या प्रकारचा माणूस महिनाभर फेकीचा सराव करत राहतो आणि फ्लाय तरीही डोक्यावरच जाते.

मागची फांदी

झाडीने झाकलेल्या नाल्यात मोकळी जागा एकच असते, ती म्हणजे खुद्द नाला. दोन्ही काठांवर भिंत, वर छत आणि मधून पाण्याची वाट. त्यामुळे काठावर उभं राहून आडवी फेक करायचा विचार सोडा. पाण्यात उतरा, प्रवाहाकडे तोंड करून खालून वर चढत जा. ट्राउट वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या पाठीमागून येता हा आणखी एक फायदा.

आता फेक. सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि इथे सगळ्यात उपयोगी पद्धत अशी: लाइन हवेत मागे नेऊच नका, पाण्यावर मागे सोडा. तुमच्या पाठीमागे प्रवाह खाली वाहतोय, तो ती स्वतःच ताणून सरळ करतो. रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ. लाइन ताणली गेली की पाणी फ्लायला धरून ठेवतं आणि त्या ओढीनेच रॉड वाकतो. मग खांद्यावरून वळून बघत एकच सपाट, पुढे जाणारी फेक. मागे पुढे झुलवणं नाही. हवेतून फ्लाय एकदाच जाते आणि तीही नाल्याच्या मधोमध. एक अडचण राहते: फ्लाय पाण्यात भिजते. तरंगणारी फ्लाय असेल तर फेकीपूर्वी ती फार वेळ खाली सोडून ठेवू नका, आणि दोन-चार फेकींनंतर कापडाने टिपून पुन्हा तेल लावा.

रोल कास्ट सगळ्यांना माहीत असतो, पण तळ्यावर शिकलेला असतो. तळ्यात पाणी स्थिर असतं. लाइन सावकाश मागे ओढली, रॉड खांद्याच्या जरा मागे कलला, लाइन मागे पोट काढून लोंबली, क्षणभर थांबून पुढे ढकललं की झालं. नाल्यात तुम्ही वर फेकलेली लाइन प्रवाहाबरोबर तुमच्याकडेच येते, ढिली पडते आणि पुढची फेक हवेत विस्कटते. म्हणून डाव्या हाताने ढील सतत गोळा करत राहा आणि मागे थांबण्याचा वेळ अगदी कमी ठेवा. मागे दोन मीटर जागा असेल तर रोल कास्ट जमतो. छत खाली असेल तर तोच रॉड आडवा धरून करा.

आणि जिथे दोन मीटरही नाहीत, म्हणजे मागे झुडूप, डोक्यावर फांदी, समोर फांद्यांमधून दिसणारं घागरीच्या तोंडाएवढं भोक आणि त्याच्यापलीकडे खडकाला चिकटून वर येणारा मासा, तिथे धनुष्यबाण पद्धत. ही जरा सविस्तर सांगतो, कारण बघून सोपी वाटते आणि बोटाला गळ लागण्याचा सगळ्यात सोपा मार्गही हीच आहे.

रॉडच्या टोकाबाहेर लीडर धरून साधारण रॉडच्या लांबीएवढीच दोरी ठेवा. सात फुटी रॉड असेल तर दोन-सव्वादोन मीटर. रॉड धरलेल्या हाताच्या तर्जनीखाली लाइन दाबून धरा, नाहीतर ओढताना रीलमधून आणखी सुटत राहील. दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फ्लाय धरा, ती गळाच्या वळणावर, टोक बोटांपासून बाहेरच्या बाजूला. पिसं धरायची नाहीत. ती सुटताना बोटाला चिकटतात आणि गळ फिरतो. आता रॉडचं टोक लक्ष्याकडे रोखा, लक्ष्यापेक्षा किंचित वर, आणि फ्लायचा हात मागे, कानाजवळ किंवा कमरेजवळ ओढा. टोक वाकतं. वाकवायचंही फार नाही, वरचा तिसरा हिस्सा वाकला की पुरे. मग फक्त बोटं उघडायची. रॉडचा हात अजिबात पुढे जाता कामा नये. गलोल सोडताना जसा फाट्याचा हात घट्ट ठेवतो तसा. बहुतेकांचा हात त्या क्षणी पुढे झुकतो, टोक खाली जातं आणि फ्लाय पायाशी पडते.

टोक ज्या पातळीत वाकवाल त्याच पातळीत फ्लाय जाते हे एकदा कळलं की ही पद्धत हातात येते. वर फांदी असेल तर हात वर न ओढता कमरेच्या रेषेत बाजूला ओढा, टोक आडवं वाकेल, फ्लाय पाण्यालगत जाईल. रॉडची लांबी अधिक बाहेरची दोरी मिळून पोहोच सव्वाचार मीटरच्या आसपास. एवढंच. म्हणून आधी जवळ जायला शिकावं लागतं, त्याकडे येतोच.

समोरची फांदी

यात बोलण्यासारखं फार नाही. उभ्या रॉडने जोर लावून केलेली फेक वरून खाली येते आणि वाटेत फांदी लागते. रॉड आडवा करा, जोर अर्धा करा. फांदी पाण्यापासून हातभरच उंच असेल तर तिच्याखाली फेकायचा हट्ट नको. तिथे वरच्या बाजूने, दूरून वळसा घालून जा आणि फ्लाय पाण्यावर सोडून प्रवाहाबरोबर फांदीखाली जाऊ द्या. माशाच्या नजरेसमोरून जावं लागतं त्यामुळे संधी एकच मिळते. काठावर मोठा खडक असेल तर त्याच्या आड बसून फक्त रॉडचं टोक पुढे काढायचं आणि फ्लाय पाण्याला टेकवायची, हाही जुना आणि पक्का मार्ग आहे. त्यात फेक नावाचा प्रकारच नाही.

डोक्यावरची फांदी

ट्राउट वर आला, पाणी फुटलं, तुम्ही रॉड उभा झटकलात, मासा नव्हताच, आणि मोकळी सुटलेली फ्लाय वर गेली. चोणकाचं तोंड कडक, जबडा जाड, तिथे गळ बसवायला दणका लागतो. वीतभर ट्राउटच्या तोंडात १४ किंवा १६ नंबरचा गळ बसायला लाइन ताठ होण्याएवढी हालचाल पुरते. रॉड उभा न उचलता आडवा, पाण्यालगत, हातभर बाजूला सरकवा. मासा असेल तर लागतो. नसेल तर फ्लाय पाण्यातच राहते आणि पुढची फेक तिथूनच सुरू करता येते.

पुन्हा फेकण्यासाठी लाइन उचलतानाही हेच. फ्लाय तुमच्या पायापाशी येईपर्यंत लाइन गोळा करा, मग वर बघा, मग उचला. "मग वर बघा" हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. फेकीआधी मान वर करून छत बघणारा माणूस नाल्यावर विरळा.

फांदी चुकवली, पण मासा दिसत नाही

जवळ जाऊन फेका म्हटलं की पुढचा फोन हाच असतो. जवळ गेलो आणि सगळे पळाले.

पळणारच. माशाला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. ही खिडकी म्हणजे साधारण ९७ अंशांचा शंकू. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर तिचा व्यास सुमारे ६८ सेंटिमीटर. बाकीचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा तळ दाखवतो. पण या खिडकीच्या कडेला क्षितिजापर्यंतचं सगळं चेपून, दबून बसवलेलं असतं, आणि पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे असतं ते इतकं चेपलं जातं की त्याला जवळजवळ कळत नाही. हिशेब करा. दहा मीटरवर १० अंशांची रेषा पाण्यापासून पावणेदोन मीटर उंच जाते, म्हणजे ताठ उभा माणूस कसाबसा लपतो. सहा मीटरवर ती एक मीटर पाच सेंटिमीटरवर येते. चार मीटरवर फक्त सत्तर सेंटिमीटर.

म्हणून धनुष्यबाण पद्धत उभ्याने करायचीच नाही. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून. आणि उभा रॉड त्या रेषेच्या कितीतरी वर जातो, हे आडव्या रॉडचं आणखी एक कारण. ही रेषा ढोबळ आहे, पण तिच्यामुळे माणूस वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला मासे मिळतात.

उंचीइतकाच पायांचा आवाज महत्त्वाचा. बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा जात नाही, दगडावर दगड घासल्याचा जातो. गप्पा मारत चला हवं तर, पण पाय टेकवताना आधी दगड हलतो का ते बघा आणि मगच त्यावर भार द्या. कुंडाच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या उताराकडे ओढलं जातं, तिथे बहुधा एक छोटा मासा पहारा दिल्यासारखा असतो. आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही, तो उधळून वर पळतो आणि कुंडातला मोठा मासा खडकाखाली जातो. पहिली फेक नेहमी याच्यासाठी, मोठा दिसत असला तरी.

सकाळी नाल्यावर आडवी पसरलेली कोळीकिड्याची जाळी तोंडाला लागली तर चिडू नका. याचा अर्थ त्या दिवशी तुमच्याआधी वर कोणी गेलेलं नाही. जाळी नसतील आणि दगडांवर ओले ठसे असतील तर सरळ दुसरा नाला धरा. एकदा बुजलेला नाला तासाभरात सावरतो असं मानून बसणाऱ्यांचा दिवस वाया जातो.

सामान: एकच गोष्ट बदला

सामानावर लोक फार बोलतात. माझं म्हणणं थोडक्यात: साडेसहा ते साडेसात फुटी, तीन नंबरचा रॉड असेल तर उत्तम, आणि त्यावर लाइन चार नंबरची लावा.

कारण असं. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या तीस फुटांच्या, म्हणजे नऊ मीटरच्या वजनावरून ठरतो. तीन नंबरच्या लाइनचे ते नऊ मीटर सुमारे साडेसहा ग्रॅम भरतात, आणि रॉड तेवढं वजन टोकाबाहेर असेल या हिशेबाने बांधलेला असतो. नाल्यात तुम्ही बाहेर काढता तीन मीटर लाइन. म्हणजे रॉडला जाणवतात जेमतेम दोन ग्रॅम. तो वाकत नाही, मग माणूस जोर लावतो, जोर लावला की लाइन विस्कटते आणि फांदीत जाते, किंवा वजन यावं म्हणून आणखी लाइन काढतो आणि तीही फांदीत जाते. एक नंबर जड लाइन लावली की थोड्या लांबीतही रॉड कामाला लागतो. दुकानदार नऊ फुटी लीडर देतो तोही इथे नको. पाच मीटरच्या फेकीत पावणेतीन मीटर नुसता लीडर असेल तर लाइन राहिली किती? साडेसात फुटी घ्या, टोकाला ४एक्स किंवा ५एक्स. ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडी. त्याहून बारीक नको. झाडीत बारीक टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं टोक, प्रत्येक काडीला गाठ मारतं.

फ्लायबद्दल नाल्यातला ट्राउट फार चिकित्सक नसतो. वाहत्या पाण्यात विचाराला वेळ नाही, समोर आलेलं घ्यायचं किंवा सोडायचं. अ‍ॅडम्स, जी १९२२ साली मिशिगनमध्ये बांधली गेली, किंवा हरणाच्या केसांची कॅडिस, अशा तरंगणाऱ्या दोन-तीन नमुन्यांवर दिवस जातो. सावलीत तुम्हाला दिसेल अशी निवडा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. माशासाठी चांगलं, आणि शर्टातून, फांदीतून, कानातून सोडवायलाही.

जपानी टेंकारा रॉडबद्दल विचारतात. रील नाही, ठरावीक लांबीची दोरी, मोकळ्या डोंगरी ओढ्यावर अप्रतिम. पण बहुतेक टेंकारा रॉड साडेतीन मीटरच्या आसपासचे, आणि झाडीत तो वळवायचा कुठे हा प्रश्न आहे. अडीच मीटरपर्यंतचा आखूड मिळाला तर जरूर वापरा.

फ्लाय बरोबर पडते, मासा वर येतो आणि परत जातो

याचं कारण जवळजवळ नेहमी ओढ. फ्लाय कुंडाच्या शांत पाण्यावर आहे, पण लाइन मधल्या वेगवान धारेवर पडलीय. धार लाइनला ओढते, लाइन फ्लायला, आणि शांत पाण्यावर फ्लाय मागे बारीक रेघ सोडत सरकते. ती रेघ काठावरून दिसायला वाकून नीट बघावं लागतं. माशाला ती लगेच दिसते. उपाय पुन्हा तोच, लाइन कमी. वर फांदी नसेल तर रॉडचं टोक उंच धरून लाइन पाण्याच्या वरच ठेवा, फक्त लीडरचं टोक पाण्यावर. वर फांदी असेल तर लाइन मधल्या एखाद्या कोरड्या खडकावर आडवी टाका, धार तिला धरू शकत नाही. कुंडाच्या ओठाशी, जिथून पाणी खाली कोसळतं, त्याच्या अगदी जवळ गुडघे टेकून बसा, म्हणजे तो ओठ तुमच्या आणि माशाच्या मध्ये येणारच नाही.

मासा लागला की तो मुळांकडे धावतो. इथे दमवत बसायचं नाही. रॉड धावण्याच्या उलट बाजूला आडवा धरा आणि पहिल्या दोन सेकंदांत त्याचं डोकं वळवा. ५एक्स तेवढं सहज सोसतं. सोडायचा असेल तर हात ओले करून, शक्यतो पाण्याबाहेर न काढता.

अडकलीच तर

झटका देऊ नका. पहिल्या झटक्याने गळ लाकडात रुततो, त्याआधी तो नुसता काडीवर लोंबत असतो. ढील द्या, फ्लायला स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या, मग रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरून हळूहळू ओढा. काडी वाकून फ्लाय सुटते. ओढताना तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा. सुटलेली फ्लाय सरळ तुमच्याकडे येते. रॉड वाकवून खेचणाऱ्यांचे रॉड मोडतात, फांदी नाही.

खाली चांगला मासा खात असेल तर फ्लायचा लोभ सोडा. लाइन हाताला गुंडाळू नका, कापते. कापड गुंडाळून सरळ ओढा, टिपेट तुटेल, नवीन बांधा. मासा घेऊन झाल्यावर परत येऊन फांदीवरची नायलॉनची दोरी मात्र काढून न्या. पक्ष्यांच्या पायात ती अडकते. आणि हिमाचलात नाल्याकाठी हात घालण्याआधी बिच्छू घास ओळखून ठेवा. तिचा दाह संध्याकाळपर्यंत आठवण देतो.

कधी जायचं, काय लागतं

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, कारण तो विणीचा काळ. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावाच लागतो आणि त्यावरच्या अटी वाचा, नाल्यातही त्या लागू आहेत. मे-जूनमध्ये बर्फ वितळून मोठ्या नद्या गढूळ फुगतात, पावसाळ्यात सगळंच गढूळ. चतुर्थीनंतरचे ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस चांगले, पाणी कमी आणि स्वच्छ. कमी आणि स्वच्छ म्हणजे मासाही तेवढाच सावध, त्यामुळे वर लिहिलेला वाकण्याचा भाग तेव्हा दुप्पट पाळा. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान लागतं, २०१४ पासून जागतिक वारसा. नाला चढत चढत त्याच्या हद्दीत शिरू नका, तिथल्या प्रवेशाची परवानगी वेगळी.

आता इथे, गोव्यात काय करता येईल? मैदानावर सराव करून काही उपयोग नाही. ज्या अडचणीत फेकायचं ती अडचण सरावात हवी, आणि ती आपल्याकडे कुळागरात आहे. सावई-वेऱ्याकडे ओळखीचं कुळागर असेल तर मालकाला विचारून पाटात उतरा. दोन्हीकडे पोफळी, मध्ये केळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, वरून झावळ्या. आठ-दहा पावलांवर पाण्यात पान ठेवा आणि आधी पाण्यावर लाइन मागे सोडून, मग रोल कास्टने, मग आणखी जवळ सरकून, गुडघ्यावर बसून धनुष्यबाणाने त्या पानाजवळ पोहोचा. गळ लावू नका, लीडरला रंगीत लोकरीचा बारीक गोंडा बांधा. मालक हमखास विचारतो, "पाटात काय गरवतोस रे बाबा?" त्याला मिरवेलीचा घड तुटणार नाही याची खात्री दिली की तो खुर्ची आणून बघत बसतो. रॉडच्या टोकाबाहेर तीन मीटर मोजून लाइनवर पक्क्या शाईची खूण करून ठेवा आणि ती खूण टोकाबाहेर जाऊ देऊ नका. व्हाळावर जायचं असेल तर म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. तिथे नुसता गोंडा घेऊन गेलात तरी वनरक्षकाला समजावत बसावं लागेल, त्यापेक्षा कुळागर बरं.

आणि गोंडा मिरवेलीत अडकला तर हात घालण्याआधी पानांत नीट बघा. चापडा हा विषारी साप अशाच वेलींवर बसतो, आणि तो पानांच्याच रंगाचा असतो.